नंतर बदलायची स्क्रीन

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी येतात, काउंटरवर पिशवी ठेवतात आणि म्हणतात, "अण्णा, कायबी केलं न्हाई वो, आपोआप झालं!" बसवकल्याणच्या बसस्टँडसमोर मी हे इतकी वर्षं ऐकायलोय की आता हसू येत नाही, नुसती जांभई येते. तुम्ही मंडळी चहाला बसलात की म्हणता, सांग एखादा. अरे बाबांनो, दिवसभर तेच ऐकायचं आणि संध्याकाळी परत तेच सांगायचं? बरं, सांगतो. यंदाच्या एका स्क्रीनचं सांगतो, म्हणजे ती एकदाची डोक्यातून जाईल.

*

आमच्याकडं खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. कोयता, मोटारसायकल, मिक्सर आणि आता लॅपटॉप! विभूतीचे तीन पट्टे, हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात जत्रा.

यंदा सगळ्यात आधी आले कोहिनूर गावचे माणिकअप्पा. सोबत त्यांची मुलगी भाग्यश्री. लॅपटॉप उघडून बघितला तर स्क्रीनच्या मधोमध चीर आणि भोवती सगळं काळं.

"पडला का?"

"न्हाई."

"कुणी बसलं का वर?"

"छ्या! देवापुढं व्हता!"

शेवटी भाग्यश्रीच बोलली. अप्पांनी कीबोर्डवर विडा मांडला होता, पानावर सुपारी. संध्याकाळी धूळ बसेल म्हणून अप्पांनीच झाकण लावलं. ते लागेना, म्हणून जरा दाबलं.

"अहो, सुपारी तरी काढायची!"

"पूजेतली सुपारी दसऱ्याच्या आत कुणी हलवतंय का?" अप्पा उलट माझ्यावरच चिडले. "झाकणच कच्चं हाय तुमचं!"

खंडेनवमीच्या गिऱ्हाइकाशी वाद घालायचं मी केव्हाच सोडून दिलंय.

*

भाग्यश्री हैदराबादच्या एका कंपनीचं काम घरून करते. दवाखान्यांची बिलं तपासायची, दिवसाची शिफ्ट. दिवाळीनंतर तिचं लग्न होतं. नवरा राजेश्वर गावचा, प्रवीण. आता राजेश्वरच्या त्या घराच्या भिंती एवढ्या जाड, की फोनला रेंज आणि नेट मिळतं ते फक्त माळवदावर. म्हणजे लग्नानंतर हिनं भर उन्हात गच्चीवर बसून बिलं तपासायची.

लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "पोरगी काम करू दे, आमचं कायबी म्हणणं न्हाई. पण एकदा बंद पडलं की परत इषय काढायचा न्हाई."

"अण्णा, उन्हात दिसणारी स्क्रीन लावा," भाग्यश्री म्हणाली. "स्क्रीन दिसली न्हाई तर काम गेलं. आणि गेलं ते गेलंच."

तिच्या मशीनला दोन प्रकारची पॅनल बसत होती. एक साधं, घरात बरं दिसतं, उन्हात नेलं की नुसती काळी पाटी. दुसरं जास्त उजेडाचं, मॅट फिनिशचं, पण महाग. मी दोन्ही समजावून सांगितली. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो प्रश्न विचारला, जो आजवर प्रत्येक गिऱ्हाइकानं विचारलाय.

"आत्ता साधं लावून नंतर बदललं तर?"

"नंतर बदललं तर हे काढून टाकावं लागंल अप्पा. काढलेलं कुणी घेत न्हाई. वरून केबलबी दुसरी लागंल. एका कामाचे दोनदा पैसे."

"बघू," अप्पा म्हणाले.

आमच्या भागात 'बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. तोवर मी तिला दुकानातला एक जुना मॉनिटर लॅपटॉपला जोडायला दिला. घरात बसून तिचं काम भागत होतं. पण ते धूड रोज माळवदावर कोण चढवणार?

*

त्याच आठवड्यात एक गुरुजी आले. ह्यांना मी आधी मॅट स्क्रीन घ्या म्हणून परोपरीनं सांगितलं होतं. पण ह्यांचा जीव चकचकीतवर! "अण्णा, ह्यो कसा लखलखायलाय बघा!" म्हणाले आणि घेऊन गेले. आता परत हजर.

"अण्णा, हे बदलून मॅट लावा."

"कामून? डोळ्यांवर चमकायलंय का?"

"चमकू दे वो. बायको रोज सकाळी ह्याच्यात बघून कुंकू लावायलीय. मला हातच लावू देईना!"

बदलून दिलं. चार दिवसांनी गुरुजींच्या मंडळी स्वतः दुकानात आल्या आणि विचारलं, "ती जुनी काच कुठं हाय आमची?"

*

मग अप्पा पुन्हा आले. ह्या वेळी खिशात टेप! मी म्हटलं आता काय मोजणार हा माणूस. त्यांनी साधं पॅनल मागितलं, काउंटरवर आडवं ठेवलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप लावला आणि माझ्याकडं असं बघितलं की चोर सापडला.

"साडेपंधरा इंच म्हणलाव. साडेतेरा भरायलंय!"

"अप्पा, हे तिरकं मोजतेत. ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात."

"तिरकं? शेत कुणी तिरकं मोजतंय का? आं? उद्या मी बांधावरनं तिरका टेप लावून शेजाऱ्याला म्हणतो, माझं एवढं हाय!"

मी तिरकं मोजून दाखवलं. बरोबर भरलं. अप्पा टेप गुंडाळून खिशात घालत निघून गेले. वाटलं, सुटलो!

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या टीव्हीवाल्याचा फोन. "यार, तू उस बुड्ढे को क्या सिखाया? घरचा टीव्ही भिंतीवरनं काढून आणलाय आणि माझ्या दुकानात तिरका मोजायलाय!"

पॅनलचं काय ते राहूनच गेलं.

*

त्यानंतर खुद्द नवरदेव आले. प्रवीण. पोरगं चांगलं आहे, तोंडभरून बोलतं, उगाच नावं का ठेवायची. पण त्याला सगळं माहीत! आल्या आल्या म्हणाला, "अण्णा, सध्या बेसिक टाका. नंतर अपग्रेड करू. टेक्नॉलॉजी रोज बदलतीय, आत्ताच कशाला अडकायचं?"

"तिला उन्हात बसायचंय."

"थोडंच बसायचं असतंय वो! ब्राइटनेस फुल केला की दिसतंय सगळं."

भाग्यश्री तिथंच स्टुलावर होती. खाली बघून ओढणीचं टोक गुंडाळत होती. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण लग्न त्यांचं, मी मध्ये बोलणारा कोण?

तेवढ्यात त्याला फोटोग्राफरचा मेसेज आला. रेंज नीट येईना म्हणून तो फोन घेऊन रस्त्यावर गेला. फोन वर धरला, तिरका धरला, हाताचा आडोसा केला, शेवटी डोक्यावर रुमाल टाकून आत तोंड घातलं. मग घामाघूम होऊन परत आला.

"काय ऊन हाय वो! कायबी दिसंना."

भाग्यश्रीनं माझ्याकडं बघितलं. मी छताच्या पंख्याकडं बघितलं. प्रवीणच्या डोक्यात मात्र काही शिरलं नाही. "मग बेसिकच टाका," म्हणाला आणि गाडीला किक मारली.

*

गुलबर्ग्याच्या माझ्या व्यापाऱ्याकडं चांगलं पॅनल एकच उरलं होतं. त्याचा रोज फोन, "अण्णा, ठेवू का विकू?" मी रोज म्हणायचो, ठेव. शेवटी वैतागून मी ते माझ्या जिवावर मागवलंच. बसनं आलं. कंडक्टरनं काळजी म्हणून ते मांडीवर घेतलं होतं आणि त्यावर आपला जेवणाचा डबा! खोक्याला लोणच्याचं तेल लागलं होतं. पॅनल तेवढं धड होतं. मी ते कपाटात वर ठेवून दिलं आणि कुणाला काही बोललो नाही.

*

लग्नाच्या बस्त्याला दोन्ही घरं बसवकल्याणला आली. कपड्याच्या दुकानात जाता जाता माझ्याकडं वळली, कारण आता लॅपटॉपचं काय ते उरकायचं होतं. माणिकअप्पा, प्रवीण, लॅपटॉपची पिशवी घेतलेली भाग्यश्री आणि मागं प्रवीणची आई. त्या कधी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सावरत दाराशी उभ्या राहिल्या.

मी साधं पॅनल काउंटरवर ठेवलं. काय वाटलं कुणास ठाऊक, कपाटातलं दुसरंही काढून शेजारी ठेवलं.

"हे साधंच लावा," अप्पा म्हणाले. "लग्नाचा खर्च हाय. नंतर बदलू."

"व्हय, नंतर बघू," प्रवीण म्हणाला.

भाग्यश्रीनं बोलायचंच सोडलं होतं, आणि ते बघून मला लई वाईट वाटलं. मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"नंतर म्हंजी कवा?"

प्रवीणची आई! सगळे मागं वळले.

"अगं, लगीन होऊ दे, घर लागू दे, मग निवांत..." प्रवीण म्हणाला.

"मला तुझ्या बापानं लग्नात म्हणलं व्हतं, शिलाई मशीन नंतर घिऊ."

मलाच राहवलं नाही. "मग अक्का, घेतली का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. आत आल्या, स्टूल ओढलं आणि काउंटरला लावून बसल्या. चांगल्या पॅनलवर बोट ठेवलं.

"हे लावा. माझ्या म्होरं लावा."

"आई, बस्त्याला उशीर व्हायलाय," प्रवीण म्हणाला.

"हू दे."