गणिताची कॅसेट

गुलमंडीत कॅसेटी भरून देणारे पाच-सहा जण तरी असतील, पण नाडी पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला एक सूरही न देणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो माझ्या वडिलांचा दोस्त होता. आम्ही त्यांना काका म्हणायचो. अभ्यास करताना मागे काय वाजावं, हा त्यांचा खास प्रांत. कोरी कॅसेट घेऊन कुणी आलं की आधी विषय विचारायचे, मग पेपर कधी, जेवल्यावर पेंग येते का, खोलीतला पंखा कुरकुरतो का. डॉक्टरकीच्या एका मुलानं सिनेमाची गाणी मागितली, तर म्हणाले, "हाडं पाठ करायचीत का हिरॉइन?" आणि त्याच्या हातात सरोद ठेवला. इतिहासाला सनई साफ नामंजूर. "मंगल कार्यालयात बसल्यासारखं वाटतं. पानिपत कसं शिरंल डोक्यात?" एक वडील मुलाला फर्स्ट क्लास मिळेल असं काहीतरी भरून द्या म्हणाले. काकांनी हात जोडले. "ते डोकं लागतं, भाऊसाहेब. ते माझ्याकडं भरून मिळत नाय." बोलणं तर अखंड. दोन मिनिटं गप्प बसलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं.

मला संगीतातलं आजही काही कळत नाही. मी दहावीला गणितात नापास झाले, म्हणून त्यांच्या तावडीत सापडले. वडिलांनी एका वाक्यात निकाल लावला होता: ऑक्टोबरला सुटली तर शिकेल, नाहीतर लासूर स्टेशनचं स्थळ पक्कं. स्थळ अडत दुकानदाराचं होतं, मुलगा बरा होता. मला मात्र शिकायचं होतं. त्यात आमच्या भिंतीला भिंत लागून पत्र्याच्या ट्रंका बनवणाऱ्याचं दुकान. सकाळपासून ठोकाठोक.

काका ऐकून म्हणाले, "आधी घर ऐकावं लागंल." शिंपी मापाला येतो तसे ते आले. खाटेवर डोळे मिटून बसले आणि मोठ्यानं नोंद घेऊ लागले, "हा कुकर. हा हौदाचा नळ. ह्या वहिनी." आईनं चहाचा कप जरा जोरातच ठेवला. "घर लई बोलतं तुमचं," ते म्हणाले. "पण ट्रंकवाल्याचा हात लयीत हाय. त्याला दाबायचं नाय, सोबत द्यायची."

पहिली कॅसेट मात्र फसली. शब्द नकोत हा त्यांचा कायदा, म्हणून त्यांनी सिनेमाच्या चाली बासरीवर भरल्या. त्या सगळ्या गाण्यांचे शब्द मला तोंडपाठ! बासरी वाजायची आणि मी मनात गायचे. प्रमेयाच्या तिसऱ्या पायरीवर 'म्हणून कोन अ बरोबर' याच्यापुढे मी 'साजन' लिहून ठेवलं. वही नेमकी वडिलांनी उघडली.

"हा साजन कोण?"

मी रडायला लागले, त्यामुळे संशय पक्का झाला. वडील लासूरला निरोप धाडायला निघालेच होते. आईनं माझ्या भावाला सायकलवर गुलमंडीत पिटाळलं. काका दुकान उघडं टाकून धावत आले, कॅसेट लावली आणि वडिलांपुढे उभे राहिले. "हा बघा साजन. माझाच हाय. चूक माझी, शिक्षा लेकराला कशापायी?" वडिलांनी अर्धी बाजू ऐकली, नकळत तेही 'साजन' गुणगुणले, आणि निरोप राहिला.

पुढची कॅसेट संतूरची होती, मी कधीच न ऐकलेल्या चालींची. ट्रंकवाल्याचा हातोडा तिच्यात असा मिसळायचा की तो थांबला की चुकल्यासारखं वाटे. गणितं सुटायला लागली. पेपरला महिना उरला तेव्हा काका पुन्हा उगवले. "एक घोळ झालाय. परीक्षेच्या हॉलमधी मी संतूर वाजवायला येणार नाय." मग दर आठवड्याला नवी कॅसेट: संगीत थोडं कमी, मधली शांतता थोडी जास्त. शेवटची लावली तर काहीच वाजेना. मी दुकानात गेले.

"काका, ही कोरीच आहे."

"कोरी कशी? भरलीय. दोन्ही बाजू." कंपनीच्या कोऱ्या टेपवर त्यांचा भरवसा नव्हता. भर दुपारी शटर ओढून, माइक लावून त्यांनी तासभर स्वतः शांतता भरली होती. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "हे तासभर गप्प? शक्यच नाही."

मी गणितात पास झाले. लासूरच्या मुलाचं दुसरीकडे जमलं. मी डिप्लोमा केला, आणि आज वाळूजच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासते.

निकालानंतर एकदा तांदूळ निवडत बसले होते. सोबत म्हणून सहज ती शेवटची कॅसेट लावली. दुसऱ्या बाजूला, बऱ्याच वेळानं, शटरवर थापा ऐकू आल्या. मग काकांचा आवाज, अगदी कुजबुजता:

"हळू रे. पोरगी गणित करायलीय. उद्या ये."

ती बाजू मी पेपरापर्यंत रोज लावली होती. गणितं सोडवताना एकदाही हे ऐकू आलं नव्हतं. काकांना मी बोलले नाही. त्यांना आपल्या शांततेचा फार अभिमान होता, तिच्यात खोट निघाली असं वाटलं असतं. आता वाटतं, सांगायला हवं होतं.