दाजींच्या मेंदूतलं कुलूप

माझी फजिती लपवायची म्हटली तरी लपणार कशी? आख्ख्या जनवाड्यानं ती पाहिलीय. चहा येतोय तोवर सांगूनच टाकतो.

माझी थोरली बहीण, अक्का, त्याच गावात दिलेली. दाजी लॉरी चालवायचे. झोप येऊ नये म्हणून जागरणाच्या गोळ्या खायला लागले, आणि पुढं पुढं गोळीशिवाय त्यांचं पानच हलेना. एकदा तर लॉरी तुरीच्या शेतात घातली. तेव्हापासून अक्काच्या घशाखाली घास उतरत नव्हता. रडून-भांडून शेवटी तिनं कबूल करवलं, की रविवारी विहारात वंदना झाली की सगळ्यांसमोर पाचवं शील घ्यायचं. नशा बंद.

आता एवढं ठरल्यावर माझं काय काम होतं तिथं? पण मी पडलो गुलबर्ग्याच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवणारा. "दोन शब्द बोल," अक्का म्हणाली. दोन शब्दांत थांबेल तो प्राध्यापक कसला!

मी थेट मेंदूत शिरलो. "गोळी घेतली की मेंदूत एक रसायन उसळतं. ते किल्लीसारखं एका कुलपात बसतं. त्या कुलपाला म्हणतात रिसेप्टर. व्यसन हा माणसाचा दोषच नाही, सगळा खेळ त्या कुलपाचा. उद्या शास्त्रज्ञ ते कुलूप अडवणारं औषध काढतील, की चटक आपोआप सुटेल."

टाळ्या पडल्या. दाजी उठले. अक्कानं पदर सावरला.

"पावणं," दाजी म्हणाले, "मग मी कामून शील घ्यायलोय? दोष कुलपाचा हाय नव्हं?"

मागून तंबाखू मळणारे एक अप्पा म्हणाले, "माझं बी कुलूपच दिसायलंय." बघता बघता निम्म्या सभेला कुलपं निघाली.

"औषध कधी यायलंय?" दाजींनी विचारलं.

मी चाचरलो. "अजून संशोधन चालू आहे."

"मग चालू द्या," म्हणून ते बसलेसुद्धा.

अक्का उठली. दाजींच्या खिशातली लॉरीची किल्ली काढून तिनं कनवटीला लावली. "औषध यीस्तोवर ही माझ्यापाशी ऱ्हाईल." मग माझ्याकडं वळली. "आन् तू रे, लई शिकलास. माझं घर बुडवायलास व्हय?"

आठवडाभरात दाजींनी मुकाट्यानं शील घेतलं, तेव्हा कुठं किल्ली परत मिळाली. औषधाचं नावही काढलं नाही.

वर्षानं भेटले तेव्हा मी खोदून विचारलं, "दाजी, खरं सांगा, गोळीची आठवण येते का कधी?"

"लॉरीवर न्हाई येत," ते म्हणाले. "पर तुमचं भाषण हाय म्हणलं की एक घ्यावी वाटती."