नवा कॉम्प्रेसर बसेपर्यंत

विस्मरणाचा आजार जडल्यापासून बाबा फक्त आमच्या जुन्या गाडीत, एसीच्या गारव्यात शांत बसत. रोज दुपारी मी त्यांना थाटीपूरच्या आमच्या घरापासून बाड्याच्या बाजारापर्यंत फिरवून आणायची. ऐन मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला. मग बाबा दिवसभर दाराशी येऊन विचारत, "निघायचं ना?" आणि मी दार अडवून उभी.

वैतागून मी नवा कॉम्प्रेसर विकत आणला, बॉनेट उघडलं आणि आधी कोणता नट काढायचा ते विचारायला गॅरेजच्या मिस्त्रीला फोन लावला.

"दीदी, पाइप मत खोलना," तो म्हणाला. "अंदर प्रेशर में गैस है, आँख में गई तो आँख जाएगी. पहले मशीन से निकालनी पड़ती है. परसों ले आओ."

मी पाना खाली ठेवला. ते दोन दिवस आम्ही दोघांनी घरात कोंडल्यासारखे काढले.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं गॅस काढून कॉम्प्रेसर बसवला आणि नवा गॅस भरला. मी बाबांना शेजारी बसवून एसी लावला; गार हवा लागताच त्यांनी डोळे मिटले. "किती छान," ते म्हणाले.

मला मात्र दार उघडून एकटीनंच कुठंतरी चालत सुटावंसं वाटत होतं. मी काचा वर केल्या आणि गाडी बाड्याकडे वळवली.