उभं राहायची वेळ

सिहोऱ्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई रविवारी सकाळी एकट्याच उठबस करायच्या. क्वार्टरच्या ओसरीत, इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन बाकावर बसायच्या. मध्येच उभ्या राहायच्या, गुडघे टेकायच्या, पुन्हा बसायच्या. समोर माझं किराणा दुकान. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंच्या अंगात आलं. मी लिंबू घेऊन धावलो. त्यांनी प्रार्थना पुरी केली आणि त्याच लिंबाचं सरबत मला पाजलं.

गावात ख्रिस्ती त्या एकट्याच. माहेर समुद्रकाठचं. तिथल्या पोर्तुगिजांच्या वेळच्या चर्चमध्ये लहानपणी आईजवळ बसून पाठ झालेली लॅटिन प्रार्थना त्या म्हणायच्या. अर्थ विचारला तर म्हणाल्या, "मले नाही येत, शेठ. माझ्या आईलेही येत नव्हता. देवाले येत असंन." इतक्या वर्षांत त्यांची बोली आमचीच झाली होती. 'शेठ' मात्र चिडवायला. माझ्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा माश्या जास्त. नागपूरच्या चर्चला का जात नाही, यावर उत्तर ठरलेलं: रविवारी एखादी बाळंतीण अडली तर तिला सोमवारी ये म्हणू का?

रिटायर झाल्यावर चुलतभावाने माहेरी एक खोली देऊ केली. तिथेच कायमचं राहायचं का, ते बघायला निघाल्या आणि एकटीला धाकधूक होते म्हणून मला सोबत घेतलं. देवाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी तुमसरच्या बाजारातून नारळ घेतला. गाड्या बदलत बदलत पोचलो, तर जिकडेतिकडे माड. बाई स्टँडवरच पोट धरून हसल्या. तेवढंच त्यांचं तिथलं हसणं.

चर्चच्या दारात मी चपला काढल्या, घंटा शोधली. ती पार वर मनोऱ्यात. बाईंनी बजावलं होतं, मी उठली का उठायचं, बसली का बसायचं. प्रार्थना सुरू झाली ती मराठीत. बाईंच्या लहानपणी वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये म्हणणारे पाद्री आता लोकांकडे बघत होते, लोक एका सुरात उत्तरं देत होते. बाईंचे ओठ हलले आणि थांबले. सगळे उभे, आम्ही दोघं बसलेले. आम्ही उठलो, तर सगळे गुडघ्यांवर. चुकायला सोबत मिळाली म्हणून मी खूश. मग बाईंच्या मुठीत गच्च धरलेला पदर दिसला.

बाहेर एका म्हातारीने गोड आवाजात विचारलं, पाहुण्या कुठल्या? लहानपणी दोघी एकाच बाकावर बसायच्या, हे बाईंनी मला नंतर सांगितलं. तेव्हा त्यांनी चुरगळलेला पदर सारखा केला.

"मी सिहोऱ्याची," म्हणाल्या.

चार पावलं गेल्यावर मला म्हणाल्या, "शेठ, परतीचं तिकीट दोघांचं काढा."

दवाखान्यात नवी नर्स आलीच नाही, म्हणून क्वार्टर बाईंकडेच राहिलं. नारळ त्यांच्याच ओसरीत फोडला. त्यानंतर दर रविवारी बाकाच्या दुसऱ्या टोकाला मी बसायचो. त्या उठल्या की मी उठायचो. आम्ही चुकतो हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

बाई गेल्या. क्वार्टरला आता कुलूप आहे. रविवारी सकाळी दुकानात बसल्या बसल्या मी मध्येच उभा राहतो. गिऱ्हाईक विचारतं, "काय पाह्यजे शेठ, काहून उठले?"

मी उगाच वरच्या फळीवरचा डबा काढतो.