सिसिलिया टीचरचा गोठा

मुलीच्या शाळेत मी पहिल्यांदा मदतीला गेलो आणि येशूचा जन्म तीन आठवडे आधी उरकून टाकला.

डिसेंबर नुकताच लागला होता. अदिती पहिलीत होती. परळच्या त्या कॅथलिक शाळेच्या प्राथमिक विभागात नाताळचा गोठा पालक मिळून बांधत. आमच्या लालबागच्या घरी दर गणपतीला मखर होतं, तेव्हा या कामातलं मला कळतं, असं माझ्या बायकोने, सुलभाने, शाळेत सांगून ठेवलं होतं. प्रत्यक्षात मखर माझे वडील करायचे, मी दोरा धरायचो. पुठ्ठ्याचं छप्पर मी जमेल तसं बसवलं, मेंढ्या मांडल्या, मरिया आणि जोसेफ समोरासमोर ठेवले. मधली गव्हाण रिकामी दिसत होती. खोक्याच्या तळाशी रुमालात गुंडाळलेलं बाळ सापडलं. कुणीतरी विसरलं असणार, असं समजून मी ते गव्हाणीत निजवलं आणि चार पावलं मागे सरून स्वतःचं कौतुक करत उभा राहिलो.

"अदितीचे पप्पा," मागून आवाज आला, "गणपती चतुर्थीच्या आधी बसवता काय तुम्ही?"

"नाही, टीचर."

"मग ह्यालाच घाई कसली? अजून जन्मला नाय तो."

अदितीच्या वर्गाच्या सिसिलिया टीचरनी बाळ उचललं, पुन्हा रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये ठेवलं. "आता शिक्षा. दरवर्षी गोठा तूच बांधायचा. आणि शिक्षा झालेल्याला मी अहोजाहो करत नाय."

अदिती चौथी पास होऊन त्या विभागातून बाहेर पडली, यथावकाश कॉलेजात गेली. माझी शिक्षा चालूच राहिली.

टीचर मूळच्या वसईच्या, राहायला कॉटन ग्रीनला. नवरा गोदीत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. हे सगळं मला सुलभाकडून कळलं, कारण माझ्याशी टीचर फक्त पुठ्ठा, खळ आणि माझा वाकडा हात या तीन विषयांवर बोलत.

गव्हाण रिकामी ठेवायची त्यांची पद्धत होती. वर्गात एका टोपलीत पेंढा असायचा, मंडईतल्या फळांच्या पेट्यांतला. मुलाने काही चांगलं केलं की त्याने एक काडी गव्हाणीत ठेवायची. काय केलं ते कुणाला सांगायचं नाही. नाताळच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी बाळ ठेवायचं, तोपर्यंत त्याचं अंथरूण मऊ व्हायला हवं. वर्गातली मुलं बहुतेक आमच्यासारख्यांचीच, घरी गणपती आणि गौरी असलेली, पण डिसेंबरभर चाळीत भांडी घासून द्यायला चढाओढ लागे. अदितीने एकदा मूठभर पेंढा कोंबला. टीचर म्हणाल्या, "एका दिवसात एवढं चांगलं? दमली असशील गो. उद्या सुट्टी घे."

पुढे टोपलीत पेंढा उरायला लागला. शाळा मराठी माध्यमाची. भोईवाड्यातल्या चाळी एकेक करून पडत होत्या, आणि उरलेल्या चाळींतली मुलं इंग्रजी शाळांच्या बसमध्ये बसत होती. मे महिन्यात टीचर छत्री घेऊन घरोघर फिरायच्या, पहिलीसाठी मुलं मागायला. एकदा नाक्यावर भेटल्या, तेव्हा मी विचारलं, काय म्हणतात लोक? "चहा सगळे देतात," त्या म्हणाल्या. "पोरगं कोण देत नाय." त्या निवृत्त झाल्या तरी छत्री फिरत राहिली.

गेल्या वर्षी मुख्याध्यापिका सिस्टरनी पालकांना बोलावून सांगितलं की प्राथमिक विभागात आता चौथीचाच वर्ग उरला आहे, तो पुढे गेला की विभाग बंद. मला गोठेवाला म्हणून बोलावलं होतं. कुणी रागावलं नाही, कारण रागावायला फारसं कुणी नव्हतंच. टीचर मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "नाताळपर्यंत आहे ना?"

"आहे, टीचर."

"मग गोठा होईल. शेवटची पोरं आहेत, बाळ मी स्वतः ठेवणार."

नोव्हेंबरात त्यांच्या पोटात गाठ निघाली. परळच्याच इस्पितळात ठेवलं. सुलभा रोज पेज घेऊन जायची. पहिल्याच दिवशी टीचरनी पर्समधून बाळ काढून तिच्या हातात दिलं आणि बजावलं, "तुझ्याकडे ठेव. नवऱ्याकडे देऊ नको." सुलभाने ते कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलं.

गोठा मी एकट्याने बांधला. मग एका संध्याकाळी डॉक्टरांनी सुलभाला बाजूला घेऊन सांगितलं की नाताळची वाट बघू नका. त्या रात्री मला काही सुचेना. सकाळी सुलभा आंघोळीला गेल्यावर मी कपाट उघडलं, शाळेत गेलो, बाळ गव्हाणीत निजवलं, मोबाइलवर फोटो काढला आणि थेट इस्पितळ गाठलं.

टीचरनी फोटो बराच वेळ पाहिला. आवडला असं वाटून मी मोबाइल आणखी जवळ धरला.

"परत?" त्या म्हणाल्या.

"टीचर, तुम्ही बघावं म्हणून..."

"मला बघायला मिळावं म्हणून तो आधी जन्मणार काय?" त्या हसायला गेल्या आणि कळ येऊन थांबल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काढ जा. मी नसले तर पोरांना ठेवू दे. तू हात लावू नको." आणि मग, "काड्या किती झाल्या?"

"तळ दिसतोय अजून."

"बोचेल रे त्याला." त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी परत शाळेत गेलो आणि बाळ काढून आणलं. पुढच्याच आठवड्यात, सुट्टी लागायच्या आधी, टीचर गेल्या. शिवडीला त्यांना माती दिली, तेव्हा चौथीतली सगळी मुलं आली होती. ती सगळी एका टॅक्सीत मावतील एवढीच उरली होती.

शेवटच्या दिवशी मुलांनी बाळ ठेवलं. गव्हाण भरली नव्हतीच. एका मुलीने टीचरचा तो रुमाल चौघडी करून पेंढ्यावर अंथरला, मग त्यावर बाळ निजवलं. मी सांगितल्याप्रमाणे हात लावला नाही, खिशात घालून उभा राहिलो.

एप्रिलात चौथीची परीक्षा संपली आणि सिस्टरचा निरोप आला, वर्ग रिकामे करतोय, तुमचं काय असेल ते न्या. छप्पर तिथेच मोडलं. बाळ आणि रुमाल घेऊन घरी आलो आणि सुलभाला विचारलं, देव्हाऱ्यात ठेवू का.

तिने बाळ माझ्या हातातून काढून घेतलं, रुमालात गुंडाळलं आणि साड्यांच्या घडीत सरकवलं.

"अगं, पण आता शाळाच नाही," मी म्हटलं. "पुढच्या डिसेंबरात ते ठेवायचं कुठे?"

"हॉलमध्ये जागा आहे," ती कपाट लावत म्हणाली. "तुमची शिक्षा माफ केली असं टीचर मला काही बोलल्या नव्हत्या."