लांब नाई मारायचा

लोक म्हणतात, पोट्ट्यांचा, म्हणजे पोरींचा, फुटबॉल आता आता आला. काही सांगू नका! ऐंशीच्या दशकात भिलाईत आम्ही अकरा पोट्ट्या खेळत होतो, अन् पोरांचे बूट घालून खेळत होतो. माझे पावर हाउसच्या बाजारातले, दोन नंबर मोठे. पुढे चिंध्या कोंबायच्या अन् पळायचं. मी गोलकीपर होती.

आम्हाले शिकवायले स्टील प्लांटमधले एक बंगाली फिटर येत. आम्ही त्यांले दादा म्हणत होतो. दादांची शिफ्ट दर हप्त्याले बदले, म्हणून आमची प्रॅक्टिसही बदले. फर्स्ट शिफ्ट असली का संध्याकाळी, सेकंड असली का सकाळी सहाले. आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी दादांच्या शिफ्टचा कागदच लटकत होता, बाबांनी स्केलनं रेघा मारून केलेला. बाबा प्लांटात क्लार्क. पोट्टी केव्हा घरात नसते हे कागदावर असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

दादांचा नियम एकच. लांब मारायचा नाई. माझ्या हाती बॉल आला का जवळच्या पोट्टीले द्यायचा, तिनं पुढचीले, असं करत वर जायचं. "लंबा मारेगी तो बॉल भागेगा, तू कब सीखेगी?" असं ते विचारत. या नियमापायी आम्ही लागोपाठ तीन मॅच हरलो. कॉलनीतल्या बाया मले अडवून विचारत, "काय वं, आज किती गोल खाल्ले?" माय वं, असा संताप यायचा! दादांचा नाई, त्या बायांचा.

मग आमचं मैदान ज्या क्लबचं, त्याचे सेक्रेटरी भडकले. ते बाबांच्या ऑफिसातले साहेबही होते. त्यांनी सांगून टाकलं, कॅम्प वन वस्तीच्या पोट्ट्यांशी मॅच लावतो, हरलात तर तुमची टीम बंद, मैदान पोरांले. रविवार सकाळ चालेल का, म्हणून विचारलं. आम्ही हाव म्हणून मोकळ्या झालो. रविवार म्हणजे सुट्टी, एवढंच डोक्यात. प्लांटची भट्टी रविवार पाळत नाई, हे भिलाईतलं शेंबडं पोरगं जाणते, पण कागद कोणी पाहिलाच नाई. त्या हप्त्यात दादांची फर्स्ट शिफ्ट होती.

झालं! दादा नाई, त्यांच्या जागी लाइनीवर खुर्ची टाकून साहेब. खुर्चीमागं बाबा उभे.

पहिलाच बॉल हाती आला तसा मी जवळच्या पोट्टीले दिला. तिचा पाय घसरला, कॅम्पवाल्या पोट्टीनं बॉल हिसकला अन् गोल. साहेब खुर्चीतून उठले, "लंबा मार! सुनाई नहीं देता?"

दुसऱ्यांदा बॉल आला. आता बाबाच ओरडले. चारचौघांत कधी आवाज न चढवणारा माणूस. "मार ना वं लांब! साहेब सांगून राहिले!"

मी बॉल हातात घेऊन थांबली. गोलचं भ्याव नव्हतं. सोमवारी बाबांले याच साहेबासमोर फायली घेऊन उभं राहावं लागणार, हे मले दिसून राहिलं होतं. पण दोन वर्षं शिकलेलं एका माणसाच्या ओरडण्यानं टाकून द्यायचं? कावून? मी बॉल जवळच दिला. पुढचाही जवळच. साहेब ओरडत राहिले अन् मी देत राहिली. एकदा तर सहा पोट्ट्यांच्या पायातून बॉल वर गेला अन् आमच्यातल्या सगळ्यात बारकीनं गोल केला. बाप्पा, काय ओरडलो आम्ही!

तरी हरलोच. दोन-एक.

"बहुत ज़िद्दी लड़की है आपकी," साहेब बाबांले म्हणाले. "जी साहेब," बाबा म्हणाले.

दुपारी दादा शिफ्टवरून तसेच प्लांटच्या बुटात आमच्या फाटकाशी आले. किती गोल खाल्ले ते विचारलं नाई. "लंबा कितना मारा?" म्हणाले.

"एकबी नाई."

"बस," म्हणाले अन् सायकल वळवून गेले.

चहा पिऊन बाबा सायकल काढून कुठंतरी निघून गेले. आई म्हणाली, बूट गुंडाळून माळ्यावर टाक. "नाई टाकत!" मी म्हणाली, अन् बूट उराशी धरून दारातच बसली.

दिवेलागणीले बाबा आले. सरळ स्वयंपाकघरात जाऊन कागद काढला. मले वाटलं, आता फाडतात. त्यांनी तो ओट्यावर पसरला अन् कानामागची पेन्सिल काढली.

"पुढच्या हप्त्यात सेकंड आहे दादांची," म्हणाले. "हुडको कॉलनीकडचं मैदान सकाळी खाली राहते, कोणी नसते. पाहून आलो."

"अन् साहेब?"

बाबांनी कागदावरून मान वर केली नाई. "साहेबाले मी जी म्हणतो ना ऑफिसात. घरातून एकानं जी म्हटलं, तेवढं पुरे. पाचले उठशील?"