मी दिलेली खोटी तारीख

"शेवटची पाळी कधी आली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गौरीत," मी म्हणाले.

त्यांचं पेन थांबलं. "गौरीत म्हणजे?"

"गौरी आल्या, त्या दिवशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या केस पेपरकडे. सासर शिवरे, माहेर वेल्ह्याकडचं, डोंगरातलं. मग उघड्या दाराकडे तोंड करून त्या मोठ्याने म्हणाल्या, "सिस्टर, जरा पंचांग आणा हो. वेल्ह्याची मंडळी आलीत."

बाहेर बाकांवर सात-आठ बायका नंबर लावून बसल्या होत्या. आधी सिस्टर हसली, मग त्यांतल्या दोघी-तिघी. माझा नवरा दाराशी उभा होता. तोही हसला. थोडंसंच, पण हसला.

"तारीख सांग, तारीख," बाई म्हणाल्या. "शाळेत गेली होतीस ना?"

माझ्या आधी आत गेलेल्या भोरच्या बाईंना त्या 'तुम्ही' म्हणत होत्या. मी मात्र 'तू'. बारावीला मी वर्गात पहिली होते, पण तेव्हा ते काही आठवलं नाही. एवढंच कळत होतं, की तोंडातून एखादी तारीख बाहेर पडल्याशिवाय हे हसणं थांबायचं नाही.

"पंधरा ऑगस्ट," मी म्हणाले.

"बघ, येतंय की!" बाईंनी लिहून घेतलं.

ती शाबासकी होती. आणि मला ती बरी वाटली. आज हे लिहिताना कान तापतात, पण वाटली हे खरं.

पंधरा ऑगस्ट का? काही कारण नाही. झेंडावंदनाची तारीख, शाळेपासून तोंडात बसलेली. तिचा आणि माझ्या पाळीचा काडीचा संबंध नव्हता. खरा दिवस मला पक्का ठाऊक होता. लग्नानंतरची माझी ती पहिलीच गौर. आळीतल्या बायका नवी सून बघायला येणार म्हणून सासूबाईंनी मला नवी साडी आणली होती. गौरी यायच्या त्याच दिवशी सकाळी मला अडचण आली. साडी तशीच घडीत राहिली. मी तीन दिवस मागच्या पडवीत बसले. पुढच्या सोप्यात गौरी आल्या, जेवल्या, गेल्या, आणि बायका दारातून डोकावून "काय गं बाई, आताच कशी आली हिला" म्हणून हळहळत राहिल्या. मी पडवीतूनच आईला फोन करून रडले होते. असा दिवस कोण विसरेल? कागदावरच्या कुठल्याही तारखेपेक्षा तो माझ्या डोक्यात घट्ट बसला होता. पण तो डॉक्टरीणबाईंच्या उपयोगाचा नव्हता, त्यांना तो हसण्याच्या उपयोगाचा वाटला.

दवाखाना सासरच्यांनी निवडला होता. हायवेच्या बाजूचा, काचेच्या दाराचा. माझ्या आईचं म्हणणं होतं की वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नाव घालावं. तिथल्या सिस्टर तिला माहीत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरातल्या सुना सरकारीत जात न्हाईत." तिथं विषय संपला. मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही काचेचं दार आवडलं होतं. चार जणींना सांगता आलं असतं. तीन महिने पोटाचं कोणाला बोलायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज, त्यात पुढे संक्रांत आली, असं करत करत पहिल्यांदा तपासायला गेले तेव्हा जानेवारी संपत आला होता.

त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. बाईंनी कागद बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"तुझ्या तारखेच्या मानाने बाळ महिनाभर मागे आहे. तारीख नक्की ना? चुकली नाही ना?"

त्यांनी विचारलं. हे मी लपवणार नाही. मला त्यांनी खरं बोलायची संधी दिली होती. पण खरं सांगायचं म्हणजे पुन्हा 'गौरीत' म्हणायचं. दार अजून उघडंच होतं.

"नक्की," मी म्हणाले.

मग बाईंनी फाईलवर लाल पेनाने लिहिलं की वाढ कमी आहे.

पुढचे तीन महिने ती लाल ओळ आमच्या घरात नांदली. दर तपासणीला तेच. "खात नाहीस का तू? का देत नाहीत?" बाई म्हणायच्या. सासूबाईंना ते फार लागलं. "माझ्या घरात काय खायाला न्हाई व्हय?" असं म्हणत त्या माझ्यापुढे ताटं ठेवायच्या. मी खायची. उलटी होईपर्यंत खायची. रात्री पोटावर हात ठेवून म्हणायची, तू बरोबर आहेस बाळा, चुकलंय ते तारखेत. पण खोटं इतके दिवस फाईलमध्ये राहिलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. कधी कधी वाटायचं, खरंच माझ्याच पोटात खोट असेल.

एप्रिलमध्ये आई मला बाळंतपणाला घेऊन गेली. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघीच तपासायला आलो, नवरा कंपनीत शिफ्टला होता. आईने सकाळी रानातून करवंदं तोडून आणली होती. पळसाच्या पानाचा द्रोण करून तिने तो डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून. तिच्या बोटांना करवंदाचा चीक लागून ती काळी पडली होती.

"सिस्टर, हे उचला आधी. मुंग्या होतील," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला तपासलं आणि हातमोजे काढत म्हणाल्या, "आता थांबण्यात अर्थ नाही. बाळ आत वाढत नाहीये. मंगळवारी सिझर करून काढू."

आई खुर्चीवर बसलीच नव्हती. उभ्यानेच म्हणाली, "मॅडम, हिचं दिवस भरलं न्हाईत आजून. गौरी आल्या त्या दिशी ही भाईर व्हती. मला फोन केलेला हिनं. अजून म्हैन्याच्या वर दिस हायेत."

बाई हसल्या नाहीत. त्यापेक्षा वाईट केलं. दमल्यासारखा उसासा टाकला. "मावशी, डॉक्टर तुम्ही का मी? तुमच्याच मुलीने तारीख दिलीय. विचारा तिला."

आईने माझ्याकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं. सिस्टर करवंदांचा द्रोण दोन बोटांत धरून उभी होती, तिनेही पाहिलं.

मी म्हणाले, "पंधरा ऑगस्टच."

चौघींत खरं बोलणारी एकच होती, आणि तिला मी खोटं पाडलं. एवढंच नाही. पोटातलं लेकरू महिनाभर आधी कापून काढायला मी मान डोलावली. का? तर पुन्हा कोणी हसू नये म्हणून. याहून कोणती लाज मोठी असते मला माहीत नाही.

नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. आई बराच वेळ बाहेर बघत होती. मला वाटलं रागावली असेल. रागावली असती तर बरं झालं असतं. मार्गासनी मागे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "तू सांगतीस तर तसंच आसंल. म्या अडाणी. माजीच गणती चुकली आसंल."

तिची गणती कधी चुकली नव्हती. कुठली गाय कधी विणार, नाचणीचं रोप कधी उपटायचं, सारं तिच्या बोटांवर. आणि आता माझ्यामुळे ती स्वतःच्या बोटांवर संशय घेत होती.

"आई, तुझं बरोबर हाय," मी म्हणाले. "म्या खोटी तारीख दिली."

"का?"

"ती डॉक्टरीण हसली म्हणून."

जीप वळणावळणाने चढत होती. आईने मला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त म्हणाली, "आनि त्यापायी पोर अर्धं काढून घ्यायचं व्हतं व्हय?"

मी भर जीपमध्ये रडले. समोर बसलेल्या माणसाने तोंड फिरवलं. ओळखीचाच होता, पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी खाली बघून, जीव मुठीत धरून तेच उत्तर दिलं.

"गौरी आल्या त्या दिवशी? सकाळी का दुपारनंतर?" एवढंच त्यांनी विचारलं. मग उठून कपाटातून मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. "जुनी कॅलेंडरं आम्ही टाकत नाही. इकडच्या बायका सणावरनंच सांगतात. कोण नागपंचमी म्हणतं, कोण घट बसले म्हणतं. चुकत नाहीत बरं का." त्यांनी भाद्रपदाचं पान उलगडलं, गौरी आवाहनावर बोट ठेवलं आणि तिथून पुढे मोजत आल्या. मग माझ्याजवळचे सोनोग्राफीचे कागद घेऊन आतल्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी मला तपासून, ते सगळे कागद शेजारी शेजारी लावून सांगितलं की बाळ जितकं हवं तितकंच आहे. दिवस जूनच्या मध्यावर भरतात.

कपाटात जुनं कॅलेंडर ठेवायला काय लागतं? काही नाही. समोरची बाई खरं बोलतेय एवढं धरून चालावं लागतं.

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "आता शेवटाला दवाखाना बदलायचा? आईला काय सांगू?"

"खरं सांगा," मी म्हणाले. "आनि तुमी हसला व्हता तेबी सांगा."

तो म्हणाला, "मंगळवारचं काय?" मी म्हणाले, "मंगळवारी म्या जाते. फाईल आणाया."

मंगळवारी गेले. आई म्हणाली, मी बाहेर थांबते. मी म्हणाले, "न्हाई, आत चल." बाकांवर बायका बसल्या होत्या, दार उघडं होतं. यावेळी ते उघडं असलेलं मला हवं होतं.

"ॲडमिट व्हायला आलीस? काही खाल्लं नाहीस ना?" बाई म्हणाल्या.

"ऑपरेशन करायचं न्हाई. माझी तारीख खोटी होती. मला पाळी गौरी आल्या त्या दिवशीच आली होती. पहिल्या दिवशी तेच सांगितलं होतं. तुम्ही हसलात, म्हणून मी दुसरी सांगितली."

हे मी टेबलाची कड धरून, फाईलकडे बघत म्हणाले. शूरासारखं काही नव्हतं त्यात.

बाई लालबुंद झाल्या. "म्हणजे खोटं तू बोललीस आणि चूक माझी? मी तुला दोनदा विचारलं होतं. बाळाला काही झालं असतं म्हणजे?"

"खोटं मी बोलले," मी म्हणाले. "हसलात तुम्ही. दोन्ही लिहा फाईलवर."

बाईंनी काही लिहिलं नाही. फाईल टेबलावरून माझ्याकडे ढकलली. "घेऊन जा. मग अडलंनडलं तर माझ्या दारात यायचं नाही."

मी फाईल उचलली. दारातून बाहेर पडताना बाकावरच्या बायकांकडे पाहिलं. एकीनेही वर पाहिलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पाठीवर हात ठेवला, असलं काही झालं नाही. पुढच्या नंबरची बाई उठून आत गेली, आणि मला वाटतं, बाईंनी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला तिने चटकन उत्तर दिलं असणार. खरं का खोटं, देव जाणे.

जूनमध्ये वेल्ह्याच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. दिवस भरून, टाके न घालता. सुखरूप सुटले. सासूबाई बारशाला आल्या, तेव्हा सरकारीचं नाव कोणी काढलं नाही. आई मात्र बाळाला आंघोळ घालताना अजून कधी कधी थांबते आणि पाठीवरून बोट फिरवत मोजल्यासारखं करते. मी तिथून उठून जाते. मला ते बघवत नाही.

लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं, बाळ चांगलं आहे ना? बाळ चांगलं आहे. पण मी तीन महिने ज्या भीतीत जेवले, आणि ज्या तोंडाने आईला खोटं ठरवलं, ते तोंड माझंच आहे. डॉक्टरीणबाईंचा मला राग येतो. स्वतःची येते ती लाज, आणि ती रागापेक्षा जास्त टिकते. ती गेली असं मी लिहिणार नाही.

आता माझ्या धाकट्या जावेला दिवस गेलेत. घरात पुन्हा तोच काचेच्या दाराचा दवाखाना ठरलाय. तिला विचारलं, तुला कुठं जायचं? ती म्हणाली, "मला काय कळतंय वैनी, तुमी म्हणाल तिथं." मी सांगितलं, दवाखाना तू निवड. पुण्याला जा, भोरला जा, वेल्ह्याला जा, त्याच काचेच्या दारातून जा. कुठंही जा, पण आत मी सोबत येणार. सासूबाई नको म्हणाल्या तरी येणार, सिस्टर म्हणाली एकच जण या तरी येणार. ती जे सांगेल ते जसंच्या तसं लिहिलं जाईपर्यंत मी खुर्चीवर बसणार नाही. कोणी हसलं तर तिथंच, सगळ्यांच्या देखत विचारणार, काय झालं हसायला?

मला तेव्हाही लाज वाटेल. वाटू दे. मी तोंड बंद ठेवणार नाही.